नळाच्या पाइपाला बांधलेली तार

मार्गशीर्षात एका सकाळी आत्याचा फोन आला. गुडघे, थंडी, अंगणातला पारिजातक असे सगळे बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "अरे, न्हाणीघरातला नळ हल्ली हाताला झिणझिण्या आणतो. ओल्या हाताने धरला तरच. कोरडा हात असला तर काही नाही."

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सव्वीस वर्षे वीजतंत्री अभ्यासक्रमाच्या मुलांना शिकवले आहे. त्या एका वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. मी तिला म्हणालो, "आत्या, आत्ता लगेच गीझरचे बटण बंद कर, पायात कोरडी चप्पल घालून त्याची पिन बोर्डातून काढ, आणि करंट गेला का हे पाहायला नळाला पुन्हा हात लावू नकोस. मी उद्या येतो. तोपर्यंत बंबाचे पाणी घे." तिने तसे केले. दुसऱ्या दिवशी मी सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या आमच्या गावी पोहोचलो, आणि तिथे जे पाहिले ते महाराष्ट्रातल्या हजारो जुन्या घरांत आजही असेच असावे अशी मला धास्ती वाटते; म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आत्याच्या घराचे वायरिंग साधारण चाळीस वर्षांपूर्वीचे आहे. त्या काळी वायरमन मंडळींची एक सर्रास पद्धत होती. घरातल्या सगळ्या तीन पिनांच्या बोर्डांची अर्थिंगची, म्हणजे उपकरणातून गळालेली वीज जमिनीत नेणारी, तार एकत्र करून परसदारी आणायची आणि नळाच्या लोखंडी पाइपाला चार-पाच वेढे देऊन पिळून टाकायची. स्वतंत्र खड्डा नाही, कोळसा नाही, मीठ नाही. त्या काळापुरता त्या पद्धतीला आधारही होता. घराबाहेर जमिनीखालून जाणारा पाइप जस्ताचा मुलामा दिलेला म्हणजे जीआय होता, गल्लीतली मुख्य वाहिनी बिडाची होती, आणि ओल्या मातीत पुरलेले शेकडो फूट धातू हा अर्थिंगसाठी उत्तमच इलेक्ट्रोड, म्हणजे वीज मातीत सोडणारा धातू, असतो. तार बांधणाऱ्याची चूक वेढ्यांत होती, पाइप निवडण्यात तेव्हा नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गावातली पाण्याची वाहिनी बदलली. गल्लीत आणि पाण्याच्या मीटरपर्यंत आता काळा प्लॅस्टिकचा पाइप आहे, त्यावर निळ्या रेघा आहेत. पाणी स्वच्छ येऊ लागले, गळती थांबली, सगळे आनंदले. मात्र त्या दिवसापासून आत्याच्या घरातले जीआय पाइप जमिनीपासून तुटले. भिंतीवरून फिरणारे ते पंचवीस-तीस फूट धातू म्हणजे एक बेट झाले, आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाची अर्थिंगची तार त्या बेटाला बांधलेली राहिली. पाण्यातून तरी वीज जमिनीत जाईल असे अनेकांना वाटते. परंतु २० मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या पाइपातल्या एक मीटर लांबीच्या पाण्याचा रोध बहुधा काही दहा हजार ओहम इतका असतो. दोष दूर करण्याच्या दृष्टीने तो मार्ग नसल्यातच जमा आहे.

मग गीझरचे तापक कॉइल जुने झाले, त्याच्या आवरणाला बारीक तडा गेला, आणि विद्युतधारा टाकीच्या धातूत झिरपू लागली. ती अर्थिंगच्या तारेतून परसदारच्या पाइपावर आली, आणि पुढे जायला जमीन नसल्यामुळे तिथेच थांबली. मी परसातल्या ओल्या मातीत एक लांब पेचकस ठोकला, गीझर क्षणभर चालू केला, आणि नळ व पेचकस यांच्यामध्ये व्होल्टेज मोजायचा मीटर धरला. आकडा शंभराच्या वर गेला. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध फार मोठा असल्यामुळे तो कधी कधी नसलेले व्होल्टेजही दाखवतो, म्हणून मीटरला समांतर १५ वॉटचा दिवा जोडून पुन्हा मोजले. आकडा उतरला, पण ३८ व्होल्टवर टिकून राहिला. म्हणजे गळती खरी होती. नंतर फ्रिजचे दार, धुलाई यंत्राची बाजू, स्वयंपाकघरातला नळ असे एकेक मोजत गेलो, आणि सगळीकडे तेच व्होल्टेज मिळाले. ज्या तिसऱ्या पिनेने माणसाला वाचवायचे, तिनेच एका गीझरचा दोष घरभर वाटला होता.

येथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या विषयातला सगळा घोटाळा त्याच्या अज्ञानातून होतो. पाइपाला अर्थ करणे वेगळे आणि पाइपाचा अर्थ म्हणून वापर करणे वेगळे. पहिल्या कामात घराचे अर्थिंग अगोदरच दुसरीकडे, स्वतंत्र खड्ड्यात, पक्के झालेले असते, आणि घरात शिरणारा धातूचा पाइप एका तारेने त्या अर्थिंगशी जोडून घेतला जातो. त्यामुळे नळ, गीझरची टाकी आणि बोर्डातली अर्थिंगची पिन एकाच विभवाला, म्हणजे एकाच व्होल्टेजला, राहतात, आणि एका हाताने एक व दुसऱ्या हाताने दुसरी वस्तू धरणाऱ्याच्या अंगातून धारा जाण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या कामात मात्र पाइप हाच एकमेव आधार असतो, आणि तो आधार आपल्या मालकीचा नसतो. पाण्याची वाहिनी बदलणारे लोक आपल्याला विचारून ती बदलत नाहीत, आणि त्यांनी तसे विचारावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

इंग्लंडमध्ये सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा पाइप अर्थ इलेक्ट्रोड म्हणून वापरायला परवानगी नाही. परंतु घरात येणारा धातूचा पाइप अर्थिंगशी जोडणे मात्र बंधनकारक आहे, आणि तो जोड पाइप घरात शिरताच, फाटा फुटण्यापूर्वी, शक्यतो ६०० मिलिमीटरच्या आत घ्यावा असा दंडक आहे. माझा चुलतभाऊ लीड्सला राहतो. त्याने मला आपल्या स्वयंपाकघरातल्या सिंकखालचे छायाचित्र पाठवले होते. पाइपावर पट्टीचा क्लॅम्प, त्यात हिरवी-पिवळी तार, आणि क्लॅम्पलाच लटकवलेली एक पत्र्याची चिठ्ठी: 'सेफ्टी इलेक्ट्रिकल कनेक्शन, डू नॉट रिमूव्ह'. उद्या नळदुरुस्तीला येणाऱ्या अनोळखी माणसासाठी ती चिठ्ठी आहे. अमेरिकेत जमिनीत किमान १० फूट गेलेला धातूचा पाणीपाइप आजही इलेक्ट्रोड म्हणून वापरतात, पण त्याच्या जोडीला दुसरा इलेक्ट्रोड सक्तीचा आहे, कारण पाइप कधीतरी प्लॅस्टिकचा होणार हे तिथेही गृहीत धरले आहे. आपल्याकडे आयएस ३०४३ हे भूसंपर्कनाचे, म्हणजे अर्थिंगचे, भारतीय मानक १९६६ पासून आहे, १९८७ आणि २०१८ मध्ये ते सुधारले गेले, आणि पाइप अर्थिंगची आपली परिचित रीत त्यातच दिलेली आहे.

आत्याकडे मी तीच रीत वापरली. परसात भिंतीपासून दीड मीटरहून थोडे अधिक अंतर सोडून खड्डा घेतला आणि त्यात ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप उभा केला. जुनी पद्धत कोळसा आणि मीठ यांचे एकाआड एक थर देण्याची आहे. मीठ रोध कमी करते हे खरे, पण ते पावसाने वाहून जाते आणि राहते तोवर जस्ताला आणि लोखंडाला खाते. मिठाच्या खड्ड्यातले पाइप काही वर्षांनी उपटून पाहिले असता वरून धडधाकट आणि खालून चाळणी झालेले मी स्वतः पाहिले आहेत. म्हणून मी बेंटोनाइट माती पाण्यात कालवून पाइपाभोवती भरली. ती ओल धरून ठेवते आणि धातूला चिकटून राहते. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत हे फार महत्त्वाचे आहे. काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते, परंतु वैशाखात ती भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरते उरते. कोकणातल्या जांभ्याची अडचण निराळी आहे. तिथे जमिनीची रोधकताच इतकी मोठी असते की एक पाइप पुरत नाही. दोन-तीन पाइप, एकमेकांपासून त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, पुरून एकत्र जोडावे लागतात.

आता जोडाविषयी, कारण खड्डा कितीही चांगला असला तरी तार पाइपाला धरून नसेल तर सगळे व्यर्थ. जुना जोड मी उघडला तो क्षण माझ्या डोळ्यांसमोर आहे. तारेचे वेढे रंगाखाली गाडले गेले होते. पाइपावर निळा, मग तांबडा ऑक्साइड, मग चंदेरी, असे रंगाचे थर चढले होते, आणि दर दिवाळीला रंगारी तारेवरूनही ब्रश फिरवत आला होता. चाकूने रंग खरवडला तेव्हा खाली तपकिरी भुकटी निघाली, आणि मी तार जराशी ओढली तर पाच वेढ्यांपैकी चार जागच्या जागी मोडून हातात आले. पाचवा पाइपावर होता, पण त्याच्याखालीही गंजाचा थर होता. जिथे धातूला धातू भिडायला हवा होता, तिथे चाळीस वर्षांचा गंज आणि रंग होता.

वेढे देणे हा जोडच नव्हे. गोल पाइपावर गोल तार फक्त रेषेपुरती टेकते, तिच्यावर दाब कोणाचाच नसतो, आणि उन्हाने पाइप प्रसरण पावला, थंडीने आकसला, की ती आणखी सैल होते. जोडाला दोन गोष्टी लागतात: स्वच्छ धातूची रुंद जागा, आणि ती कायम दाबून धरणारे बळ. पहिली गोष्ट पॉलिश पेपरने येते. पाइपाच्या परिघाभोवती क्लॅम्पच्या रुंदीहून थोडी जास्त पट्टी घासायची, रंग आणि गंज पूर्ण जाईपर्यंत, पण कानस लावून जस्ताचा थर उडवायचा नाही, कारण तोच लोखंडाचा रक्षक आहे. घासलेली जागा राखाडी, एकसारखी दिसली म्हणजे पुरे. ती घासल्यावर जेवायला जाऊ नये. लगेच क्लॅम्प चढवावा.

दुसरी गोष्ट क्लॅम्प देतो. पाइपाच्या बाह्य व्यासाला बरोबर बसणारा, दोन अर्धगोलांचा जीआय क्लॅम्प मी घेतो. त्याचे दोन्ही अर्ध पाइपावर बसल्यावर त्यांच्या कानांमध्ये, म्हणजे बोल्ट जातो त्या बाहेर आलेल्या कडांमध्ये, थोडी फट राहिली पाहिजे. फट न राहता कान एकमेकांना टेकले, तर नट कितीही आवळा, बळ कानांवर जाते आणि पाइपावर पकड येत नाही. ही चूक माझ्या हाताखालच्या चांगल्या चांगल्या मुलांनी केली आहे, कारण बाहेरून तो जोड अगदी घट्ट दिसतो. बोल्टवर साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट, आणि त्यावर आणखी एक लॉकनट असा क्रम ठेवावा. स्प्रिंग वॉशर सपाट होईपर्यंत आवळले म्हणजे काम झाले. त्यापुढे जोर लावून आटे मारू नयेत.

खड्ड्यातल्या पाइपावर आठ नंबरची जीआय तार येते. ती एकसंध आणि कडक असल्यामुळे लगमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणात, दाबून नीट बसत नाही. तिच्या टोकाला बोल्टच्या मापाचा डोळा वळवावा, आणि तो नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने वळवलेला असावा. उलटा वळवला, तर नट फिरताना डोळा उघडत जातो. घरात शिरणाऱ्या पाण्याच्या पाइपावर मी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची हिरवी-पिवळी तार घेतली, आणि तिथे मात्र लग हवाच, तोही कथिलाचा मुलामा दिलेला. उघडे तांबे आणि जस्त ओलीत एकमेकांना टेकले की जस्त झिजते, आणि न्हाणीघराच्या मागची भिंत बारा महिने ओली असते. आवळून झाल्यावर सगळ्या जोडावर पेट्रोलियम जेलीचा जाड हात दिला. जेली आधी लावून मग आवळले तरी चालते, दाबाखाली ती बाजूला होते. पण रंग कधीही आधी लावू नये.

जोड कुठे असावा याचेही उत्तर ठरलेले आहे: जिथे तो डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल तिथे. खड्ड्याचा क्लॅम्प मातीखाली न पुरता विटांच्या फूटभर चौकोनी कुंडीत ठेवला आणि वर बिडाचे झाकण बसवले. मदतीला आलेला गवंडी म्हणाला, "सर, सिमेंट भरून टाकू का? कायमचे पक्के होईल." त्याची भावना चांगली होती. पण सिमेंटखाली गेलेला जोड पुन्हा कोणी तपासत नाही, आणि न तपासलेला जोड मी नसल्यातच धरतो.

मग मोजमाप. मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांवर टेकवले तर ०.३ ओहम दिसत होते, ते वजा धरायचे. अर्थिंगच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या पट्टीपासून नव्या क्लॅम्पपर्यंत ०.४ आले, म्हणजे खरा रोध एक दशांश ओहम. स्वयंपाकघरातल्या नळालाही तेच. न्हाणीघरातल्या नळाला मात्र ११ ओहम. पाइप तर सलग जीआयचा दिसत होता. शोधताना भिंतीच्या कोपऱ्यात एक युनियन, म्हणजे दोन पाइप जोडणारा, उघडता येणारा जोड, सापडली. तिच्यात रबरी वॉशर होता आणि आट्यांवर सफेदा-सुतळीचे जुने जाड लिंपण होते. पाणी अडवायला ते उत्तम, पण विजेलाही ते तसेच अडवते. युनियनच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावून मध्ये तारेचा पूल दिला आणि आकडा ०.४ वर आला. पाण्याच्या मीटरच्या दोन्ही बाजूंना धातूचा पाइप असेल तर तिथेही असाच पूल द्यावा लागतो, कारण मीटर काढला की जोड तुटतो. पाइपात गळतीची धारा असताना नळ कारागीर मीटर उतरवायला गेला आणि त्याने दोन्ही उघडी टोके दोन हातांत धरली, तर त्या दोन टोकांमधला पूल तो स्वतः होतो. माझ्या विद्यार्थ्यांत नळ कारागीर अभ्यासक्रमाची मुलेही बसत असत, आणि त्यांना मी हे प्रत्येक वर्षी सांगितले आहे: पाइप कापण्याआधी पूल बांधा, मग कापा.

ज्या घरांत आतले पाइपही प्लॅस्टिकचे झाले आहेत, तिथे एकेका नळाला तार नेण्याची गरज नाही. प्लॅस्टिकच्या टोकाला बसवलेला पितळी नळ आपणहून कोणतेही विभव आणत नाही. गीझरच्या टाकीला मात्र अर्थिंग नेहमी हवेच. गॅसच्या पाइपाचा अर्थ इलेक्ट्रोड म्हणून वापर कधीही, कोणत्याही कारणाने करू नये. एवढे सांगून पुढे जातो.

कारण सर्वांत महत्त्वाची आकडेमोड अजून सांगायची आहे. समजा जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर आहे, जी अनेक ठिकाणी असते. अशा जमिनीत अडीच मीटरच्या एका पाइपाचा रोध सुमारे ३३ ओहम येतो. जोड अगदी निर्दोष आहे असे धरा. गीझरची फेज थेट टाकीला टेकली, तर २३० व्होल्ट भागिले ३३, म्हणजे सुमारे ७ अँपिअर धारा जमिनीत जाईल. बोर्डातला एमसीबी, म्हणजे धारा फार वाढली की आपोआप पडणारे बटण, १६ अँपिअरचा आहे. तो ७ अँपिअरला तासन्‌तास पडणार नाही, आणि तेवढा वेळ टाकीवर, नळावर, फ्रिजवर जवळजवळ सगळे २३० व्होल्ट उभे राहतील. गावाकडे खांबावरून घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा येतात आणि अर्थिंग ज्याचे त्याने करायचे असते. तिथे प्रत्येक घराची हीच स्थिती आहे. आत्याकडे काळ्या मातीमुळे आणि बेंटोनाइटमुळे अर्थ टेस्टरवर ९ ओहम आले, जे मला समाधानकारक वाटले. तरीही २३० भागिले ९ म्हणजे साधारण २५ अँपिअर, आणि त्याला १६ अँपिअरचा एमसीबी पडेल तो तासाभरात केव्हातरी.

म्हणून आरसीसीबी हवा, ३० मिलिअँपिअरचा. तो फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली धारा यांची सतत तुलना करतो आणि फरक पडला की क्षणाच्या काही अंशात पुरवठा तोडतो. ५० व्होल्ट ही धोक्याची मर्यादा मानली, तर ५० भागिले ०.०३ म्हणजे सुमारे १६६६ ओहमपर्यंतच्या अर्थिंगलाही तो माणसाला वाचवू शकतो. मग खड्डा आणि क्लॅम्प कशाला, असे मला एका शेजाऱ्याने विचारले. आरसीसीबीला पडण्यासाठी धारेला जमिनीकडे वाट मिळावी लागते. अर्थिंग नसेल, तर ती वाट नळाला हात लावणाऱ्या पहिल्या माणसाच्या अंगातून तयार होते आणि मगच तो पडतो. शिवाय तो यंत्र आहे, अडकू शकतो. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. मात्र ते बटण फक्त आरसीसीबी तपासते, अर्थिंग तपासत नाही. अर्थिंग पाहण्यासाठी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून पाहण्याची जुनी रीत आहे. अर्थिंग तुटलेल्या घरात त्या दिव्यातून घरातले सगळे नळ फेजला जोडले जातात, त्यामुळे आत कोणी नळ वापरत असताना ती परीक्षा करू नये.

गीझरचे कॉइल बदलले, आरसीसीबी बसवला, आणि संध्याकाळी गीझर चालू करून नळ आणि पेचकस यांच्यामध्ये पुन्हा मीटर धरला. शून्य. आत्या दारात उभी राहून पाहत होती. तिला कुंडीचे झाकण उघडून दाखवले आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी तिथे ओतायला सांगितले. "तुळशीला घालते तेव्हाच घालीन," ती म्हणाली.

निघण्यापूर्वी पत्र्याचा एक तुकडा कापला, त्याला भोक पाडले, आणि ऑइल पेंटने त्यावर लिहिले: 'ही अर्थिंगची तार आहे. काढू नये. पाइप बदलल्यास वीजतंत्र्याला बोलवावे.' तो न्हाणीघरामागच्या क्लॅम्पला जीआय तारेने बांधला, रंगाऱ्याचा ब्रश त्यावर फिरला तरी अक्षरे बोटाला लागावीत म्हणून ती आधी खिळ्याने कोरून घेतली होती.